मला आवडते, ननग सेरतैती, मे गुस्ता

निपाणीचे नाव निघाले की पाठोपाठ तंबाखूचे नाव येतेच. पण हा शब्द कोणत्या भाषेतला, असे वर्गात विचारले तर गंमत होते. निपाणीची मुले छातीठोकपणे ‘मराठी’ म्हणतात. चिक्कोडीकडून येणारा एखादा विद्यार्थी म्हणतो, “मॅडम, आम्ही होगेसोप्पु म्हणतो, धुराचा पाला. तंबाखू तुमचाच.” खरे तर तो दोघांचाही नाही. कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांकडून स्पॅनिश खलाशांनी तो ‘ताबाको’ म्हणून उचलला, पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो आपल्या किनाऱ्याला लागला आणि घाट चढून वर आला. अकबराच्या पदरी असलेला असद बेग १६०४-०५ च्या सुमारास विजापूरहून परतताना तंबाखू घेऊन गेला आणि बादशहाला नजर केला, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. म्हणजे मोगल दरबाराला जे नवल वाटले ते आपल्या विजापूरला आधीच ठाऊक होते.

असे आणखी किती तरी शब्द आपल्या बाजारात रोज फिरत असतात. टोमॅटो हा मूळचा मेक्सिकोतला शब्द, स्पॅनिशच्या तोंडून जगभर गेला. चिकूचे झाड आणि नाव दोन्ही तिकडचेच. पपई तर स्पॅनिशमध्ये ‘पापाया’च आहे. कन्नडने मात्र तिला ‘परंगी हण्णु’, म्हणजे फिरंग्यांचे फळ, असे नाव देऊन ती कुणी आणली याची नोंदच करून ठेवली. पगार, बादली, चावी हे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. त्यामुळे स्पॅनिश शिकणाऱ्याला ‘पागार’ म्हणजे पैसे देणे आणि ‘बाल्दे’ म्हणजे बादली हे पाठ करावे लागत नाही.

हे सगळे मला नव्याने आठवले ते आमच्या महाविद्यालयातून बी.कॉम. होऊन बाहेर पडलेल्या एका विद्यार्थिनीमुळे. तिचे नाव देत नाही, तिनेच नको म्हटले. निपाणी आणि संकेश्वरच्या मधले गाव. वडील मराठी, त्यांचे किराणा दुकान. आई गोकाककडची, दहावीपर्यंत कन्नड माध्यमात शिकलेली. असे घर या पुरवणीच्या वाचकांना मुद्दाम समजावून सांगायला नको. अनेकांचे घर असेच आहे. देवघरात एक भाषा, दुकानात दुसरी, आणि भांडण मोठे झाले की दोन्ही.

पुण्यात नोकरी करणाऱ्या मैत्रिणीने तिला सांगितले की परदेशी ग्राहकांशी बोलण्याच्या कामात स्पॅनिश येणाऱ्याला जास्त पैसे मिळतात. हिशेब चुकीचा नव्हता. स्पॅनिश मातृभाषा असलेली माणसे जगात ५० कोटींच्या आसपास आहेत आणि २० देशांची ती राजभाषा आहे. तिने पुण्याच्या एका शिक्षिकेचा ऑनलाइन वर्ग लावला. आठवड्यातून तीन संध्याकाळी, मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून.

घरात अर्थातच चर्चा झाली. काका म्हणाले, “कन्नडचा पेपर सुटेना आणि ही चालली स्पेनला!” या बोलण्यात नुसता टोमणा नव्हता. मराठी माध्यमात शिकलेल्या आपल्या मुलांना कर्नाटकात सरकारी नोकरीसाठी कन्नडची परीक्षा द्यावी लागते आणि तिथे पुष्कळजण अडकतात. ही मुलगीही अडकली होती. आईची भाषा कन्नड, आजोळी सगळे कन्नड, आणि तरी कन्नड लिहिताना हात थांबतो, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. तेव्हा दारातली भाषा सोडून समुद्रापलीकडची कशाला, हा प्रश्न काकांनी विचारणे साहजिक होते. मुलीने दिलेले उत्तर मला जास्त विचार करायला लावणारे वाटले. ती म्हणाली, “काका, स्पॅनिश चुकलं तर कुणी हसत नाही हो. कन्नड चुकलं की आजोळचे हसतात, मराठी चुकलं की तुम्ही.”

पहिल्या दिवशी शिकवले ‘ओला’, म्हणजे नमस्कार. स्पॅनिशमध्ये ‘ह’ लिहितात पण उच्चारत नाहीत. मुलगी आतल्या खोलीत ‘ओला, ओला’ घोकत बसली आणि बाहेरून आजीने विचारले, “काय ओलं झालं गं? भिंत काय?” पावसाळ्याचे दिवस होते, आजीचे चुकले नाही. पुढे ‘नादा’ म्हणजे काहीच नाही आणि ‘पान’ म्हणजे पाव हे कळल्यावर घरात दोन दिवस करमणूक चालली.

उच्चारांत आपल्या मुलांची सुरुवात चांगली होते, असे त्या शिक्षिकेचेही म्हणणे. स्पॅनिशचे त आणि द हे दातांना जीभ लावून म्हणायचे, अगदी आपल्यासारखे. इंग्रजीच्या ट-डची सवय मोडावी लागत नाही. स्वर पाचच, आ ए इ ओ उ, आणि जसे लिहिले तसेच वाचायचे. त्रास झाला तो ‘र’चा. एक ‘र’ साधा आणि दुसरा जीभ थरथरवून म्हणायचा. ‘पेरो’ म्हणजे पण, आणि तोच र लांबवून ‘पेर्रो’ म्हटले की कुत्रा. “मला यायचे आहे, पण वेळ नाही” असे सांगताना हिने बरेच दिवस मध्येच कुत्रा आणून उभा केला.

तिसऱ्या महिन्यात ती मला भेटायला आली. मी मराठी शिकवते, स्पॅनिशचा माझा संबंध नाही. पण तिचा प्रश्न माझ्याच विषयातला होता. “मॅडम, ‘मला आंबा आवडतो’ यात कर्ता कोण?”

तीन वर्षे वर्गात बसून तिने हा प्रश्न कधी विचारला नव्हता. विचारला तो स्पॅनिशमुळे. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणतात. ‘मे’ म्हणजे मला, ‘गुस्ता’ म्हणजे आवडतो. आंबे अनेक झाले की ‘मे गुस्तान लोस मांगोस’, मला आंबे आवडतात. क्रियापद चालते ते आंब्याच्या तालावर, माझ्या नाही. इंग्रजीतून शिकणारी मुले इथे हमखास अडखळतात, कारण इंग्रजीत ‘मी’ हाच आवडवून घेणारा, तोच वाक्याच्या पुढे उभा. वर्गात हैदराबाद-दिल्लीची इंग्रजी माध्यमातली मुले होती, ती ‘मी’ने सुरुवात करून पुन्हा पुन्हा चुकत होती. आमची मुलगी पहिल्याच दिवशी बरोबर बोलली. शिक्षिकेने विचारले, कसे जमले? ती म्हणाली, आम्ही घरी असेच बोलतो.

आणि घरी म्हणजे दोन्ही भाषांत. गोकाककडच्या बोलीत ‘ननग माविनहण्णु सेरतैती’. ‘ननग’ म्हणजे मला. मराठी आणि कन्नड या दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा. एक संस्कृत-प्राकृताच्या वळणाची, दुसरी द्राविडी. पण शेकडो वर्षे शेजारी राहून त्यांच्या वाक्यांची ठेवण इतकी जवळ आली आहे की आवडणे, दुखणे, आठवणे, भूक लागणे या सगळ्यांत माणूस कर्ता नसतो. त्याच्याकडे ती गोष्ट येते. स्पॅनिशमध्येही डोके दुखते तेव्हा ‘मे दुएले ला काबेसा’, मला दुखते डोके. मी तिला मोरो केशव दामल्यांचा १९११ सालचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ काढून दिला. त्यात प्रयोगांची लांबलचक चर्चा आहे, जी परीक्षेपुरती वाचून मुले विसरतात. तिने तो ग्रंथ दीड महिना परत केला नाही.

व्याकरणाचा विषय निघाला म्हणून सांगते. स्पॅनिशचे पहिले व्याकरण नेब्रिहा या पंडिताने १४९२ साली छापले, कोलंबस अमेरिकेच्या वाटेला लागला त्याच वर्षी. युरोपातल्या बोलत्या भाषांमध्ये छापील व्याकरणाचा मान तिला पहिल्यांदा मिळाला म्हणून तिकडे त्याचे मोठे कौतुक आहे. आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये केशिराजाचे ‘शब्दमणिदर्पण’ तेराव्या शतकातले आहे, नेब्रिहाच्या दोनशेहून अधिक वर्षे आधीचे. हे सांगितल्यावर तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आईच्या भाषेला एवढे जुने व्याकरण आहे हे तिला कुणी सांगितलेच नव्हते, कारण आपल्या दोन माध्यमांच्या शाळांमध्ये भिंत एक असली तरी पुस्तके वेगळी.

यापुढची गोष्ट मात्र व्याकरणाची कमी आणि घराची जास्त आहे.

मराठीत लिंगे तीन. चहा झाला, कॉफी झाली, दूध तापले. आपण हे आईच्या दुधाबरोबर शिकतो, त्यामुळे यात काही अवघड आहे असे वाटतच नाही. कन्नडमध्ये पुरुष पुल्लिंगी, बाई स्त्रीलिंगी, आणि वस्तू व जनावरे सगळी नपुंसकलिंगी. किती सरळ! त्या भाषेत वाढलेल्या माणसाला चहा पुरुष का आणि कॉफी बाई का, हे कसे कळावे? या मुलीची आई लग्न होऊन आली तेव्हापासून ‘चहा झाली’, ‘माझा खुर्ची’ असे बोलत आली आहे. सासरी सगळे हसत. वाईट बुद्धीने नव्हे, प्रेमानेच. पाहुणे आले की कुणीतरी मुद्दाम विचारायचे, “वहिनी, चहा झाली काय?” मुलगीही हसायची. हळूहळू आईने पाहुण्यांसमोर बोलणे कमी केले. ट्रे ठेवायची आणि आत जायची. ‘आई लाजाळू आहे’ असे घरात सगळ्यांनी ठरवून टाकले होते. गोकाकला माहेरी गेल्यावर हीच बाई ओट्यावर बसून तासभर गप्पा रंगवते, हे मुलीने लहानपणापासून पाहिले होते. पण दोन्हींचा संबंध तिने कधी जोडला नव्हता.

स्पॅनिशमध्ये लिंगे दोन, ‘एल’ पुल्लिंगी आणि ‘ला’ स्त्रीलिंगी. मराठी मुलीला वाटले, तीन सांभाळतो, दोन काय अवघड. पण ती वाटणी आपल्या वाटणीशी जुळत नाही. चहा तिकडेही पुल्लिंगी, ठीक. कॉफी मात्र ‘एल काफे’, पुल्लिंगी. दूध स्त्रीलिंगी. शेवटी ‘ओ’ आला की पुल्लिंगी हा नियम पाठ करावा तर हाताला ‘ला मानो’ म्हणतात, शेवटी ओ आणि तरी स्त्रीलिंगी. ‘आ’ आला की स्त्रीलिंगी म्हणावे तर ‘एल मापा’ म्हणजे नकाशा पुल्लिंगी, ‘एल दिआ’ म्हणजे दिवस पुल्लिंगी. पाणी तर स्त्रीलिंगी असून ‘एल आग्वा’ असे पुरुषाचे उपपद लावून हिंडते. का, तर दोन आ एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. एके संध्याकाळी शिक्षिकेने हिचा निबंध परत दिला तेव्हा त्यात चौदा लाल खुणा होत्या आणि चौदाही लिंगाच्या.

त्या रात्री ती स्वयंपाकघरात गेली आणि आईला विचारले, “आई, चहा झाला की झाली, हे तू कसं लक्षात ठेवतेस?” आई म्हणाली, “ठेवत नाही. म्हणून तर बोलत नाही.”

हे मला सांगताना मुलगी थोडा वेळ गप्प होती. मीही गप्पच होते. सीमाभागातल्या भाषेच्या प्रश्नावर मी आजवर पुष्कळ भाषणे ऐकली आहेत. १९५६ सालची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. पण घरात आलेल्या सुनेला आपण हसून हसून मुकी करतो, यावर कुठल्याही व्यासपीठावर कुणी बोललेले मला आठवत नाही. कन्नड घरात दिलेल्या मराठी मुलीचेही असेच होते. तिचे ‘ह’ आणि ‘अ’ तपासणारे तिकडेही असतात.

पुढच्या आठवड्यापासून आई अभ्यासाला शेजारी बसू लागली. शिकायला म्हणून नाही, भाजी निवडायला. पण कान उघडे होते. वर्गात तेव्हा स्पॅनिशचा प्रसिद्ध डोंगर आला होता, ‘असणे’ या अर्थाची दोन क्रियापदे. ‘तो डॉक्टर आहे’ याला ‘एस’ आणि ‘तो घरात आहे’ याला ‘एस्ता’. मराठीत दोन्हीकडे ‘आहे’च. त्यामुळे कुठे काय वापरावे हे मुलीला उमगेना. पुस्तकात लिहिलेले की कायमचे असेल तर पहिले, तात्पुरते असेल तर दुसरे. लगेच खाली अपवाद, ‘तो मेला आहे’ याला तात्पुरत्याचे क्रियापद! मरणाहून कायमचे काय असते, असे मुलीने चिडून विचारले.

आईने शेंगा सोलता सोलता कन्नडमध्ये ती वाक्ये म्हणून पाहिली. ‘अवरु डॉक्टर.’ क्रियापदच नाही. ‘अंव छलो मनष्या’, तो चांगला माणूस, इथेही नाही. पण ‘अंव मन्याग अदान’, तो घरात आहे, इथे आले. ‘हालु बिसी ऐती’, दूध गरम आहे, इथेही आले. म्हणजे माणूस कोण आहे, कसला आहे हे सांगताना कन्नड नुसते दोन शब्द शेजारी ठेवते, आणि कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे हे सांगताना क्रियापद लावते. स्पॅनिश पहिल्या ठिकाणी ‘एस’ म्हणते, दुसऱ्या ठिकाणी ‘एस्ता’. आणि मेलेला माणूस? ‘सत्तिद्दाने’, म्हणजे सत्तु अधिक इद्दाने. मरून त्या अवस्थेत आहे. स्पॅनिशलाही तेच म्हणायचे आहे.

आता भाषेचा अभ्यास करणाऱ्याने प्रामाणिकपणे सांगायला हवे की हे गणित शंभर टक्के सुटत नाही. आपल्या भागात ‘अवरु डॉक्टर अदार’ असेही सर्रास बोलतात, आणि घर मोठे आहे हे सांगायला कन्नडमध्ये दोन्ही तऱ्हा चालतात. पण दहापैकी सात-आठ वाक्यांत आईचा कान बरोबर निघत होता आणि सुरुवातीच्या विद्यार्थ्याला तेवढा आधार पुष्कळ असतो. मुलगी मराठी वाक्य म्हणायची, आई कन्नड करायची, त्यात क्रियापद आले की नाही ते पाहून मुलगी स्पॅनिश लिहायची. भाजीचे ताट मध्ये. वडील दुकान बंद करून आले की विचारायचे, “आज कुठपर्यंत?” आणि आई उत्तर द्यायची.

अंकांतही कन्नड मदतीला आली. मराठी अंक म्हणजे परक्याला छळच. एकतीस, बत्तीस, तेहेतीस, प्रत्येकाचे तोंड वेगळे. कन्नड ‘मूवत्तोंदु’ म्हणते, तीस-एक. स्पॅनिश ‘त्रेइंता इ उनो’, तीस आणि एक. सोळा म्हणजे ‘हदिनारु’, दहा-सहा. स्पॅनिश सोळाही दहा-आणि-सहाच. उलट सुटे आकडे मराठीच्या नात्यातले: दोनला ‘दोस’, तीनला ‘त्रेस’, सातला ‘सिएते’. एक भाषा सुटे पैसे देते, दुसरी बंदा रुपया.

जिथे दोन्ही भाषांचा उपयोग झाला नाही अशाही जागा निघाल्या. ‘जवळ असणे’ याला स्पॅनिशमध्ये स्वतंत्र क्रियापद आहे आणि वयही त्यातच सांगतात, ‘माझ्यापाशी बावीस वर्षे आहेत’ अशा थाटात. हिने इंग्रजीच्या सवयीने ‘मी बावीस वर्षे आहे’ लिहिले. इंग्रजी मध्ये आली की हमखास घोटाळा होतो, हा तिचा अनुभव मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या मुलांना वाटते की परदेशी भाषेचा रस्ता इंग्रजीतूनच जातो. पुस्तके इंग्रजीतून असतात हे खरे, पण वाक्याची ठेवण घरातच सापडण्याचा संभव जास्त.

आदरार्थी बोलणेही तसेच. स्पॅनिशमध्ये मित्राला ‘तू’, अगदी आपलाच तू, आणि मोठ्यांना ‘उस्तेद’. हा शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या दरबारी संबोधनातून झिजून झाला, त्यामुळे त्याच्यापुढे क्रियापद तृतीय पुरुषी येते. “मॅडम बसणार काय?” असे समोरच्यालाच विचारणाऱ्या आपल्या माणसांना यात नवल नाही.

मध्यंतरी वर्गात स्पेनचा नकाशा आला आणि तिचा मला फोन. “मॅडम, तिथं पण आपल्यासारखंच आहे!” स्पेनमध्ये सगळे स्पॅनिशच बोलतात असा तिचा समज होता. तिथे कातालान, बास्क, गालिसियन याही भाषा आहेत. १९३९ ते १९७५ या फ्रँकोच्या हुकूमशाहीत त्यांना दाबून ठेवले होते. १९७८ च्या राज्यघटनेने त्या त्या प्रांतात त्यांना स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा होण्याची वाट मोकळी केली. भांडणे संपली असे नाही, अजून होतात. पण बास्क प्रदेशात समुद्रकाठी एक शहर आहे, त्याच्या अधिकृत नावातच दोन्ही भाषा आहेत: दोनोस्तिया, तिरकी रेघ, सान सेबास्तियान. आपल्याकडे २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले तेव्हा कुणाला आनंद झाला, कुणाला दुःख. त्या तिरक्या रेघेकडे ती मुलगी बराच वेळ बघत होती म्हणाली. मला विचाराल तर ती रेघ आपल्या अनेक घरांच्या उंबऱ्यावर आधीपासूनच आहे, फक्त पाटीवर नाही.

तिच्या काकांचा एक प्रश्न उरतोच: मराठी माणसाने स्पॅनिश शिकून पूर्वी कुणी काही केले आहे काय? केले आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेले. इंग्रज सरकारमुळे मायदेशाचे दार बंद झाल्यावर १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले, वयाच्या चाळिशीच्या आसपास. आणि चापिंगो येथील राष्ट्रीय शेती विद्यालयात, स्पॅनिश बोलणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे प्राध्यापक म्हणून उभे राहिले. मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेती शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातल्या भित्तिचित्रात त्यांना भाकरीच्या पंगतीत बसवले. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ साली नागपूरला वारले. त्यांच्या कन्येने लिहिलेले चरित्र उपलब्ध आहे, आणि २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला. चाळिशीत वर्गात जाऊन परक्या भाषेत मका शिकवणाऱ्या माणसाचे पहिले काही महिने कसे गेले असतील, याची कल्पना मी स्वतः वर्गात उभी राहते म्हणून थोडीफार करू शकते. काकांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मक्याचा दर काय होता तिकडं?” दुकानदाराचा भाऊ शेवटी!

ज्यांच्या घरात अशी उत्सुक मुले आहेत त्यांच्यासाठी थोडी माहिती. स्पेन सरकारची सेर्व्हान्तेस ही भाषासंस्था १९९१ साली स्थापन झाली, तिचे केंद्र दिल्लीत आहे. तिची ‘डेले’ ही परीक्षा जगभर मानली जाते. ए-१ ही पहिली पायरी, सी-२ शेवटची. पहिल्या पायरीवर वाचन-लेखनाचा एक गट आणि ऐकणे-बोलण्याचा दुसरा, प्रत्येकी ५० गुणांचा. दोन्हीत वेगवेगळे किमान ३० मिळाले तरच उत्तीर्ण. म्हणजे पाठांतरावर लेखनात भरपूर मिळवून बोलण्याची तूट भरून काढता येत नाही. आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. विद्यापीठातून पदवी-पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असेल तर हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ आणि दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ ही मोठी ठिकाणे. नोकरी लगेच मिळेल या आशेने मात्र कुणी पहिल्या पायरीवर थांबू नये. कामाच्या ठिकाणी त्याच्या बऱ्याच वरची तयारी मागतात. आमच्या मुलीने ए-१ पार केली, ऐकण्याच्या पेपरात जेमतेम. मेक्सिकोचा माणूस आणि स्पेनचा माणूस एकच शब्द दोन तऱ्हेने म्हणतो, त्यात ती गोंधळली. निपाणीची मराठी आणि पुण्याची मराठी ऐकणाऱ्याला हे सांगायला नको.

तिचा कन्नडचा पेपरही अजून व्हायचा आहे. आता त्याची तयारी आईच घेते, लिहिण्यासकट.

सध्या स्पॅनिशच्या वर्गात भूतकाळ चालू आहे. तोही दोन प्रकारचा: एकदाच घडलेला आणि नेहमी घडायचा. “गेले” याला ‘फुई’, “जायची” याला ‘इबा’. इथे मराठी आणि कन्नड दोघीही भक्कम. ‘होदे’ आणि ‘होगतिद्दे’ हा भेद आईला समजावून द्यावा लागला नाही. गृहपाठ होता, घरातल्या मोठ्या माणसाचे लहानपण बारा ओळींत. आईने कन्नडमध्ये सांगितले, मुलीने थेट स्पॅनिशमध्ये उतरवले. गोकाक फॉल्सच्या गिरणीचा भोंगा वाजायचा, मग आम्ही निघायचो, झुलत्या पुलावरून जायचो, खाली घटप्रभेचे पाणी दिसायचे. सगळे ‘इबा’च्या काळात. आणि मग एक दिवस पुलावर चप्पल पडली, सरळ नदीत. मुलीने लिहिले, ‘मी चप्पल पाडली’. शिक्षिकेने ते खोडून वर लिहिले, ‘से मे कायो ला चांक्ला’. चप्पल आपली आपण पडली, मला पडली. स्पॅनिशमध्ये हातून निसटलेल्या वस्तूचा दोष माणसावर ठेवत नाहीत. आईला ते वाक्य वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “मग बरोबरच आहे की. मी कुठं पाडली? पडली माझा चप्पल.”

‘माझा’ म्हणाली. कुणी हसले नाही. मुलगी पुढची ओळ विचारत होती.